मानेची साक्ष
मान दुखते म्हणून आलेल्या माणसाची मान किती वळते हे मोजायची रीत जुनी आहे. कोनमापक लावायचा, अंश लिहायचे, एक्स-रेत मणक्यांची झीज बघायची. पण जुनाट मानदुखी असलेल्या कितीतरी जणांची मान पुरेशी वळते, आणि तरीही वाचताना त्यांची ओळ सुटते, चालताना तोल जाईलसे वाटते, घेरी येते. ही तक्रार कोनमापकाच्या हाती लागणारी नव्हतीच. डोके आणि डोळे यांच्यावरचा ताबा तपासणाऱ्या चाचण्या आज फिजिओथेरपीच्या खोलीत दिसतात, पण त्यांचे कूळ हाडवैद्यांचे नाही, ते कान आणि तोल यांच्या अभ्यासकांचे आहे. त्यांच्याभोवतीचे वादही त्याच कुळातून चालत आले आहेत.

मूळपुरुष म्हणून व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांचे नाव घ्यावे लागते. १९०६ मध्ये त्यांनी सशांवर दाखवले की डोके स्थिर धरून नुसते धड वळवले तरी डोळे हलतात. डोके जागचे हललेच नाही, तेव्हा आतल्या कानातल्या तोल-इंद्रियाला काही कळण्याचा प्रश्न नाही. डोळ्यांना खबर दिली ती मानेने. बारानींना १९१४ चे नोबेल मिळाले ते मात्र कानावरच्या कामासाठी. निरोगी माणसात मानेचा हा प्रतिसाद फार क्षीण असतो, त्यामुळे निरीक्षण बाजूला पडले यात नवल नाही. पुढे १९६३ मध्ये सिबिल कूपर आणि पी. एम. डॅनियल यांनी माणसाच्या मानेच्या खोल स्नायूंत ताण ओळखणाऱ्या सूक्ष्म संवेदकांची दाटी दाखवली. १९७७ मध्ये द याँग आणि सहकाऱ्यांनी मानेत भूल देणारे इंजेक्शन दिले, तेव्हा माणसांना आपण कलतो आहोत, पडतो आहोत असे वाटले आणि चाल अडखळली.

ही समज तपासणीच्या खोलीत आणली ती पॅरिसच्या मिशेल रेव्हेल यांनी, १९९१ मध्ये. साधन अगदी साधे: डोक्यावर प्रकाशझोत, ९० सेंटिमीटरवर लक्ष्यफलक, डोळे झाकलेले. मान वळवायची आणि अंदाजाने पुन्हा पहिल्या जागी आणायची. झोत मध्यापासून किती चुकला ते मोजायचे. ३० निरोगी आणि ३० रुग्ण यांच्या तुलनेतून ४.५ अंशांची सीमा निघाली. फलकावर ती जेमतेम सात सेंटिमीटर भरते. यावर पहिला आक्षेप सरळ आहे: डोके हलते म्हटल्यावर कानही साक्ष देतोच, मग चूक मानेची कशावरून? २००८ मध्ये पिन्सो आणि सहकाऱ्यांनी दोन्ही कानांचे तोल-इंद्रिय निकामी झालेल्यांची हीच चाचणी घेतली. ते निरोगी माणसांइतकेच अचूक निघाले, मानदुखीचे रुग्ण मात्र चुकले. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. रिक्स आणि बॅगस्ट यांना २००१ मध्ये अपघाताविना जडलेल्या मानदुखीत फारसा फरक आढळला नाही. उलट ब्रिस्बेनच्या ज्युलिया ट्रेलेव्हन यांच्या गटाला मोटार-अपघातात मानेला हिसका बसून चक्कर येणाऱ्यांत चूक ठळक दिसली. मानदुखी हा एकच आजार नाही, एवढे त्यातून कळते. माझ्या मते पद्धत भक्कम आहे, ४.५ या आकड्याला मात्र नको तेवढा मान मिळाला.

१९९८ मध्ये स्वीडनच्या ट्येल आणि रोझेनहाल यांनी थेट बारानींचीच युक्ती उचलली. रुग्णाचे डोके समोर ठेवून धड ४५ अंशांत वळवायचे आणि सरकत्या ठिपक्याचा डोळ्यांनी केलेला पाठलाग मोजायचा. मग सरळ बसवून तोच पाठलाग पुन्हा. औषधाची गुंगी, थकवा, चंचल लक्ष यांचा दोष देता येत नाही, कारण ते दोन्ही वेळा सारखेच असतात आणि रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. एक पळवाट तरीही उरते: पीळ दिल्यावर मान जास्त दुखली तर लक्ष त्या वेदनेकडे जाईल, आणि तेही नेमके पिळाच्याच स्थितीत. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत, त्यामागे हे एक कारण असू शकते. हीच गाठ उपचारातही पडते. रेव्हेल यांनी १९९४ मध्ये ६० रुग्णांच्या अभ्यासात काहींकडून आठ आठवडे डोळे आणि डोके यांचा मेळ साधणारे व्यायाम करून घेतले. त्यांची अचूकता वाढली आणि दुखणेही उतरले. पण अचूकता वाढली म्हणून दुखणे उतरले, की दुखणे उतरले म्हणून अचूकता वाढली, हे त्या मोजमापातून ठरत नाही.