तीन-चार आणि चार-तीन

दोन फाशांच्या बेरजा २ पासून १२ पर्यंत, म्हणजे एकूण ११. मग ७ पडण्याची संभाव्यता एक अकरांश! दहावीच्या वर्गात हे उत्तर देणारं कुणी ना कुणी दरवर्षी निघतंच. जरा धीराची पोरं जोड्या मोजायला बसतात आणि २१ वर थांबतात, कारण तीन-चार आणि चार-तीन हे त्यांच्या लेखी एकच दान असतं. मी त्यांना रागावत नाही. या २१ वर भलेभले अडकलेले आहेत.

माझ्या खणात एक लाल आणि एक पांढरा फासा असतो. लालवर ३ आणि पांढऱ्यावर ४ हे एक दान. लालवर ४ आणि पांढऱ्यावर ३ हे दुसरं. फळ्यावर सहा ओळी आणि सहा रकाने आखले की ३६ घरं होतात. ७ ची सहा घरं तिरकी एका रेषेत येतात, १२ चं एकच, पार कोपऱ्यात. दोन्ही फासे पांढरे घेतले तरी घरं ३६ च. आपल्याला ते वेगळे ओळखता येत नाहीत, एवढंच. (सारीपाटाच्या लांबट फाशांना चारच बाजू, म्हणून तिथे दोन फाशांचा तक्ता १६ घरांत आटोपतो.)

हे प्रथम नीट मांडणाऱ्यांत जिरोलामो कार्दानोचं नाव घ्यावं लागतं. तेराव्या शतकातल्या ‘दे वेतुला’ या लॅटिन काव्यात तीन फाशांची दानं प्रकारांनी ५६ पण प्रत्यक्षात २१६, असा हिशेब आधीच आला होता. पण कार्दानोने तो खेळणाऱ्याच्या नजरेने केला. १५०१ मध्ये पाव्हियात जन्मलेला हा माणूस पेशाने वैद्य, गणितात नावाजलेला आणि जुगाराचा नादी. आत्मचरित्रात त्याने स्वतःच सांगून टाकलंय, की फासे आपण पंचवीसेक वर्षं खेळलो. व्हेनिसमध्ये एका प्रतिष्ठिताच्या घरी पत्ते खुणा केलेले आहेत हे लक्षात येताच त्याने यजमानाच्या तोंडावर खंजीर चालवला, हेही तोच सांगतो. त्याच्या जुगाराच्या पुस्तकात दोन फाशांची ३६ दानं आहेत: १० ची तीन, ११ ची दोन, १२ चं एक. आणि सगळ्यात मोठा फायदा मुळीच न खेळण्यात आहे, असा सल्लाही आहे. सल्ला चोख, देणारा मात्र संशयास्पद! हस्तलिखित तसंच पडून राहिलं आणि १६६३ मध्ये, तो जाऊन ८७ वर्षं झाल्यावर छापलं गेलं.

गॅलिलिओपुढे १६२० च्या सुमारास प्रश्न आला तो तीन फाशांचा. ९ ची बेरीज सहा प्रकारे जुळते आणि १० चीही सहाच प्रकारे. मग मुरलेले खेळाडू १० ला झुकतं माप का देतात? गॅलिलिओने प्रकार सोडून दानं मोजली. १-२-६ हा प्रकार सहा दानांनी पडतो, १-४-४ तीन दानांनी आणि ३-३-३ एकाच दानाने. ९ मध्ये हे तीन तिये आहेत. १० मध्ये असं एकांडं दान एकही नाही. म्हणून ९ ची दानं २५ आणि १० ची २७, एकूण २१६ पैकी. फरक दोनाचा, म्हणजे शेकड्याला एकही नाही. मला गॅलिलिओच्या उत्तरापेक्षा त्या खेळाडूंचंच जास्त नवल वाटतं. एवढासा फरक नुसत्या अनुभवाने हेरायचा, तर किती रात्री पटावर घातल्या असतील!

१६५४ चा पास्काल-फर्मा पत्रव्यवहार सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात. एका फाशाच्या चार टाकांत निदान एक सहा पडण्याची संभाव्यता ५१.८ टक्के, दोन फाशांच्या चोवीस टाकांत निदान एकदा दोन्ही सहा पडण्याची ४९.१. चाराला सहा तसे चोविसाला छत्तीस, मग हे असं कसं, असं फाशांच्या शौकीन शव्हालिए द मेरेने पास्कालला विचारलं होतं.

मात्र वर्गात मी सगळ्यात जास्त वेळ देतो तो लायब्निझला. १७१४ मध्ये, म्हणजे कार्दानोचं पुस्तक छापून पन्नास वर्षं उलटल्यावर, या कलनाच्या जनकाने एका पत्रात लिहिलं, की दोन फाशांनी १२ पाडणं जितकं सोपं तितकंच ११ पाडणं, कारण दोन्ही एकेकाच रीतीने जमतात. ७ मात्र तीन रीतींनी जमतं, म्हणून ते तिप्पट सोपं. फळ्यावरच्या तक्त्यात ११ ची घरं दोन आहेत, पाच-सहा आणि सहा-पाच. म्हणजे ७ हे ११ च्या तिप्पट, इथवर लायब्निझ बरोबर. १२ च्या मात्र ते सहापट. हे उत्तर पोरं त्याच्याआधी ओरडून सांगतात.