संगणकीय दृष्टी

छायाचित्र वा चलच्चित्र पाहून त्यात काय आहे, हे यंत्राला ओळखता यावे यासाठीची संगणकशास्त्राची शाखा. संगणकाला चित्र म्हणजे नुसता आकड्यांचा तक्ता. त्यातून वस्तू ओळखणे हे खरे काम. १९६६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत संशोधक सीमोर पॅपर्ट यांनी ते एका उन्हाळी प्रकल्पावर सोपवले होते. एका उन्हाळ्यात ते होईल हा अंदाज भलताच आशावादी निघाला! मोठी झेप आली ती २०१२ मध्ये, ‘ॲलेक्सनेट’ या उदाहरणांवरून शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्कमुळे.

त्याच वर्षी मूळच्या नाशिकच्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या रमेश रासकर यांच्या एमआयटीतील गटाने लेझरच्या परतणाऱ्या प्रकाशावरून कोपऱ्याआडच्या वस्तूचा आकार उभा करून दाखवला.

उपयोग मात्र अधिक जमिनीवरचे आहेत. मुंबईच्या वाधवानी एआयचे ॲप कामगंध (फेरोमोन) सापळ्यात अडकलेल्या बोंडअळीच्या पतंगांचा फोटो पाहून त्यांची संख्या मोजते आणि फवारणीबाबत सल्ला देते. मुंबईचीच क्युअर.एआय छातीच्या एक्स-रेमध्ये क्षयाच्या खुणा शोधते.

अभ्यासाला रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि पायथन लागते; ‘ओपनसीव्ही’ ही सॉफ्टवेअर लायब्ररी फुकट मिळते. सरावाचा विषय घराजवळही सापडतो. उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्यातल्या मुळशीतील माले परिसरात पावसाळी ढगांमुळे साध्या उपग्रहचित्रांत भातखाचरे झाकली जातात, तेव्हा ढगांपार पाहणारी रडारचित्रे वापरावी लागतात.