मातीतले विष आणि मातीतलाच उतारा

रायपूरहून धमतरीकडे जाताना अभनपूर लागते. हा मुलूख भाताचा. परंतु छत्तीसगडात भातखाचरांच्या बांधांवर तूर लावण्याची जुनी चाल आहे. विदर्भात आणि मराठवाड्यात हीच तूर ज्वारीच्या सोबतीने वाढते. फुलोऱ्यास आलेले झाड मुळाशी ओल असूनही एकाएकी मान टाकते. छत्तीसगडचा शेतकरी त्यास उकठा म्हणतो, महाराष्ट्रातला मर.

बिहारमधील पुसा येथे एडविन बटलर यांनी या रोगाचा छडा लावला आणि १९१० मध्ये त्याच्या बुरशीस फ्युझॅरियम उडम हे नाव दिले. ही बुरशी मुळांवाटे शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिकांत पसरते. नलिका तुंबल्या म्हणून झाड वाळले, हा खुलासा सरळ होता. पण तो अपुरा ठरला. १९३४ साली जपानमध्ये भाताच्या एका रोगाचा शोध घेताना तेइजिरो याबुता यांना याच कुळातील बुरशीपासून फ्युझॅरिक आम्ल मिळाले. १९५५ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी मर लागलेल्या कपाशीच्या अंगातच ते दाखवून दिले. बुरशी केवळ वाट अडवीत नाही, ती विषही घालते, असा याचा अर्थ होता.

हे विष जीवाणूंनाही बाधते. म्हणूनच काही जीवाणूंनी ते मोडून निरुपद्रवी करण्याची शक्ती कमावली आहे. पिकावरील दयेने नव्हे, स्वसंरक्षणासाठी. १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी अशाच एका जीवाणूच्या साहाय्याने टोमॅटोची रोपे मर रोगापासून राखली. विशेष हे की, तो टोमॅटोचा वैरी असलेल्या जीवाणूचाच बदललेला प्रकार होता.

मात्र कुंडीतले यश शेतात जसेच्या तसे उतरत नाही. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीवाणू नांदत असतात. बाहेरून आलेल्या पाहुण्यास त्या गर्दीत जागा मिळवावी लागते. म्हणून शेतकऱ्याचा मुख्य आधार अद्याप दुसराच आहे. तो म्हणजे १९८६ मध्ये कर्नाटकात प्रसारित झालेल्या ‘मारुती’सारखे रोगास दाद न देणारे वाण, पिकांची फेरपालट आणि तुरीस ज्वारीची जोड. ज्वारीच्या सहवासात मर कमी होते, हे प्रयोगांनीही दाखविले आहे. विष मोडणारे जीवाणू या उपायांची जागा घेणार नाहीत. त्यांना बळ देतील, इतकीच अपेक्षा रास्त होय.