इनाम आणि अनुदान

कुंभकोणमहून तंजावरकडे जाणारी रेल्वे स्वामिमलै सोडून पापनाशमकडे निघाली की वाटेत सुंदरपेरुमाळ कोयिल हे लहानसे स्थानक लागते. आजूबाजूला कावेरीच्या फाट्यांवर पोसलेली भातशेती. तंजावर जिल्हा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो हाच प्रदेश : नद्या, देवळे, भात. पण या जिल्ह्याला दुसरेही टोक आहे. दक्षिणेकडचे पट्टुक्कोट्टै आणि पेरावूरणी हे तालुके पाल्कच्या उथळ उपसागराला भिडतात. तिथे समुद्राच्या तळाशीही एक कुरण आहे. ते सागरी गवताचे आहे आणि त्यावर समुद्रगाय चरते.

तमिळमध्ये तिला कडल पसु किंवा आवुळिया म्हणतात. जगभर ती ड्युगाँग या नावाने ओळखली जाते. ही मासा नव्हे, पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी. पूर्ण वाढलेले जनावर ४०० किलोपर्यंत भरते, दिवसाला ३० ते ४० किलो सागरी गवत खाते आणि ७० वर्षांपर्यंत जगू शकते. मादीला पहिले पिलू होईपर्यंत बहुधा १० वर्षे उलटून जातात. पुढे दोन पिलांत तीन ते सात वर्षांचे अंतर राहते आणि एका वेळी पिलू एकच होते. भारतात आता यांची संख्या २५०च्या आत असावी असा अंदाज आहे आणि त्यांतल्या बहुतेक तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत आहेत. तिला वाचवायचे तर पैसा लागतो, आणि तो सरकारलाच द्यावा लागतो. कारण समुद्राचा तळ कुणाच्या मालकीचा नाही, तो सार्वजनिक आहे. हा पैसा किती असावा यावर पुष्कळ बोलले जाते. तो किती काळासाठी असावा, हा प्रश्न मागे राहतो.

या प्रश्नाकडे पाहायला तंजावरचा मराठी इतिहास उपयोगी पडतो. १७९९च्या तहाने सरफोजीराजे दुसरे यांच्याकडून राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीने काढून घेतला. राजांकडे तंजावरचा किल्ला उरला, आणि वर्षाला एक लाख पॅगोडांचा तनखा व महसुलाचा पाचवा हिस्सा. या बांधलेल्या उत्पन्नातून त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, पशुपक्ष्यांची आणि वनस्पतींची चित्रे काढून घेतली. पट्टुक्कोट्टैच्या पुढे समुद्रकाठी त्यांनी आठ मजल्यांचा षट्कोनी बुरूज उभारला. नेपोलियनच्या पाडावाचे आणि इंग्रजांच्या विजयाचे हे स्मारक. त्यावरच्या लेखात १८१४ हे साल आहे. शेजारच्या गावाला राजांच्याच नावावरून शरभेंद्रराजनपट्टिणम म्हणतात आणि बुरुजाला तमिळ लोकही ‘मनोरा’च म्हणतात.

राजांनी आग्रहाने सांभाळलेली दुसरी गोष्ट म्हणजे छत्रे, अर्थात रामेश्वरच्या यात्रामार्गावरची अन्नछत्रे आणि धर्मशाळा. तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाताना वाटेत ओरत्तनाडूला लागणारे मुक्ताम्बाळ छत्र त्यांनीच बांधले. १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी छत्रांचे काम सविस्तर मांडले आहे : कोणत्याही जातीच्या वाटसरूला जेवण, आजाऱ्याला वैद्य, बाळंतिणीची सोय, तान्ह्या मुलांना दूध, अनाथांना शाळा. राज्य गेले तरी छत्रे आपल्याकडे राहावीत, ही त्यांची मागणी होती. छत्र चाले ते त्याला लावून दिलेल्या गावांच्या आणि जमिनींच्या उत्पन्नावर. दरवर्षी नव्याने मंजुरी मागण्याचा प्रश्न नव्हता. यात्रेकरू या वर्षी आले तसे पुढच्या वर्षीही येणार, म्हणून अन्नाची सोयही कायमची करून ठेवलेली होती. याला इनाम म्हणतात.

समुद्रगायीच्या वाट्याला आले ते अनुदान. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत घातले. म्हणजे शिकारीला बंदी झाली. २००८ मध्ये भारताने तिच्या संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय सामंजस्य करारावर सही केली. केंद्राच्या वन्यजीव अधिवास योजनेत अतिसंकटग्रस्त प्रजातींसाठी वेगळा भाग आहे. त्या यादीत माळढोक, हंगूल, गिधाडे यांच्याबरोबर समुद्रगायही आली. प्रत्यक्ष मोठे काम मात्र २०१६ मध्ये सुरू झाले. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने तमिळनाडू, गुजरात आणि अंदमान-निकोबार या तिन्ही ठिकाणी प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी पैसा आला तो भरपाई वनीकरणाच्या निधीतून.

या निधीची कथाही तमिळनाडूतच सुरू होते. नीलगिरीतल्या गुडलूर भागातली जंगले तुटत होती, म्हणून टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड यांनी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्या दीर्घ सुनावणीतून एक नियम पक्का झाला : खाण, धरण, रस्ता यांसाठी जो वनजमीन घेईल, त्याने तिची किंमत भरावी आणि ती रक्कम वेगळी ठेवावी. २०१६ मध्ये त्याचा कायदा झाला. म्हणजे कुठेतरी डोंगरावर झाडे तुटली, त्याचे पैसे जमा झाले, आणि त्यांतले काही समुद्राच्या तळावरचे गवत मोजायला लागले. या प्रकल्पाने चांगली कामे केली. गवताचे नकाशे झाले, मच्छीमारांतून स्वयंसेवक उभे राहिले, त्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. पण प्रकल्प म्हटला की त्याला मुदत असते. आज जन्मलेले समुद्रगायीचे पिलू पहिल्यांदा आई होईल, तोवर असा एखादा प्रकल्प सुरू होऊन संपलेलाही असेल.

२१ सप्टेंबर २०२२ रोजी तमिळनाडू सरकारने तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचा ४४८ चौरस किलोमीटर समुद्र समुद्रगायीसाठी राखीव केला. देशातले हे अशा प्रकारचे पहिलेच क्षेत्र. त्यात १२,२५० हेक्टर सागरी गवत आहे. ज्या कलमाखाली ते जाहीर झाले, ते ३६-अ कलम २००२च्या दुरुस्तीने आले. त्याला जमीन सरकारच्या मालकीची लागते आणि स्थानिकांशी आधी बोलावे लागते. व्यवस्थापनासाठी जी समिती नेमायची, तिच्यात ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी घ्यावे लागतात.

या अटींचे मोल महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगर भागात माळढोकसाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आखले गेले. त्यात गावे आली, खासगी शेते आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. रेघ सरकारने ओढली आणि भार शेतकऱ्याने उचलला. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. तोवर माळढोकही बोटांवर मोजण्याइतका उरला होता.

पाल्कच्या उपसागरात रेघ पाण्यावर आहे, पण भार उचलणारी माणसे इथेही आहेत. समुद्रगायीला धोका आहे तो जाळ्यांत अडकून गुदमरण्याचा, नौकांच्या धडकेचा, आणि तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरांमुळे गवत उखडले जाण्याचा. ट्रॉलरांनी किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत येऊ नये, असा तमिळनाडूचा १९८३चा कायदा आहे. २०१७ मध्ये या ट्रॉलरमालकांना खोल समुद्राकडे वळवण्याची मोठी योजना आली. २,००० ट्रॉलर बदलायचे, खर्च १,६०० कोटी रुपये. एका नव्या नौकेची किंमत ८० लाख. त्यातले ५० टक्के केंद्र देणार, २० टक्के राज्य, १० टक्के मच्छीमाराने घालायचे आणि २० टक्के बँकेचे कर्ज. कागदावर हिशेब उदार दिसतो. पण ८० लाखांचे ३० टक्के म्हणजे २४ लाख, शिवाय खोल समुद्रातल्या मासेमारीचे नवे कसब. उद्दिष्टाच्या मानाने फारच थोड्या नौका पाण्यात उतरल्या.

याउलट लहान रकमेचे एक उदाहरण कोकणातले. डिसेंबर २०१८पासून महाराष्ट्र सरकार, जाळे कापून कासव, देवमासा यांसारख्या संरक्षित प्राण्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. रक्कम फार मोठी नाही. पण ती नेमक्या त्या माणसाला मिळते, ज्याच्या हातात त्या क्षणी प्राण्याचा जीव असतो. पुढच्या वर्षीही ती मिळेल, एवढा भरवसा असला की जाळे कापताना हात थबकत नाही.

हा भरवसा म्हणजेच इनामाचा गाभा. तमिळनाडू सरकारने अलीकडे संकटग्रस्त प्रजातींसाठी स्वतंत्र निधी उभारला आहे, आणि मनोऱ्याजवळ समुद्रगायीसाठी आंतरराष्ट्रीय केंद्र उभारण्याचे ठरवले आहे. इमारत उभी राहील. बांधकामाला पैसा मिळणे आपल्याकडे त्या मानाने सोपे. गस्तीच्या नौकेचे इंधन, समितीच्या बैठका, फाटलेल्या जाळ्याची भरपाई, गवताची दरवर्षीची मोजणी यांना कोनशिला नसते, म्हणून त्यांचा पैसा आधी तुटतो. मूळ रक्कम न मोडता व्याजावर ही कामे चालली, तर निधीचे इनाम होईल. नाहीतर त्याचे आणखी एक अनुदान होईल.

इनामही अमर नसते, हे तंजावरनेच पाहिले. छत्रांचा कारभार राजघराण्याकडून सरकारी यंत्रणेकडे गेला, यात्रेकरू रेल्वेने जाऊ लागले, आणि ओरत्तनाडूची अन्नाची पंगत उठली. पण यात्रेकरूंना दुसरी वाट सापडली होती. समुद्रगायीला दुसरे कुरण नाही. तिची सगोत्र, उत्तर प्रशांत महासागरातली स्टेलरची समुद्रगाय, १७४१ मध्ये युरोपीय निसर्गाभ्यासकांना पहिल्यांदा दिसली आणि १७६८पर्यंत संपली. अवघ्या २७ वर्षांत. समुद्रगायीच्या एका आयुष्याच्या निम्म्याहूनही कमी काळात. मनोऱ्यासमोरच्या पाण्यात आज चरणारे पिलू या शतकाच्या अखेरीपर्यंत जगू शकते. त्याच्यासाठी ठेवलेल्या पैशाची मुदतही निदान तेवढी असायला हवी.