‘इतर’ रकान्यातली आपली कमाई

भुसावळ तालुक्यातल्या आमच्या गटाने शाळेच्या गणवेशांची शिलाई घेतली. बिल झाले १,२०,००० रुपयांचे. गटाचे पॅन कार्ड नव्हते, म्हणून पैसे अध्यक्षताईंच्या नावावर आले, तेही १,१८,८००. ‘बाराशे कुणी खाल्ले?’ अशी कुजबुज सुरू झाली. दहाजणींचा गट मोडायची वेळ आली.

ते बाराशे कुणीच खाल्ले नव्हते. ती कर-कपात होती, आणि तिचा इतिहास जुना आहे.

१८५७ च्या उठावाने इंग्रज सरकारची तिजोरी रिकामी झाली. १८६० मध्ये जेम्स विल्सन या अर्थमंत्र्याने आपल्याकडे पहिला प्राप्तिकर आणला. वर्षाला २०० रुपयांहून कमी कमाई असणाऱ्याला तो नव्हता. त्याच दशकात खानदेशात रेल्वे आली आणि भुसावळ जंक्शन झाले. शेतीशिवाय मजुरी, दुकानदारी, ठेकेदारी अशा नव्या कमाया वाढल्या.

१८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न करातून वगळले. बाकी उत्पन्नाचे चार भाग केले: पगार व पेन्शन, कंपन्यांचा नफा, कर्जरोख्यांचे व्याज आणि ‘इतर’. दुकानदार, ठेकेदार सगळे त्या ‘इतर’मध्ये बसवले.

आज तसे नाही. कंत्राटाची कमाई ‘व्यवसाय’ या सदरात जाते. बँकेचे व्याज ‘इतर’मध्ये. केळीचे, कापसाचे उत्पन्न अजूनही करमुक्त.

१९७२ पासून कंत्राटाचे पैसे देणाऱ्यावरच कर कापून भरायची जबाबदारी आली. आता एक बिल ३०,००० च्या वर, किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली, की व्यक्तीच्या बिलातून १ टक्का आणि गटाच्या बिलातून २ टक्के कापतात. पॅन दिले नाही, तर २० टक्के.

कपात म्हणजे पैसा बुडाला असे नाही. वर्षाचे उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो.

आमच्या अध्यक्षताईंच्या नावावर सगळे १,२०,००० दिसत होते. दहाजणींना दिलेली मजुरी, दोरा, बटणे यांचा हिशेब वहीत लिहिलेला होता, सह्यांसकट. त्या वहीच्या आधाराने खर्च वजा करून विवरणपत्र भरले. बाराशे रुपये परत आले. प्रत्येकीला १२० मिळाले, आणि कुजबुज थांबली.

म्हणून मैत्रिणींनो, गटाच्या नावे बँक खाते आणि पॅन काढा. बिल गटाच्याच नावे घ्या. कापलेल्या कराचा दाखला मागून घ्या. मजुरी देताना सही घ्या, मग ती सख्खी जाऊ का असेना.

पूर्वी आपली कमाई ‘इतर’ म्हणून लिहिली जायची. आता ती आपल्या नावाने लिहून घेऊ या.