पोकर चकत्या

पोकर व तत्सम द्यूतप्रकारांत पणाची रक्कम दर्शविण्यासाठी नाण्यांऐवजी वापरण्यात येणाऱ्या लहान, चपट्या व वाटोळ्या तुकड्यांना पोकर चकत्या किंवा ‘चिप’ म्हणतात. प्रत्येक रंगाच्या चकतीचे मूल्य खेळापूर्वी ठरलेले असते. खेळाडू रोख रक्कम देऊन चकत्या घेतो व खेळ संपल्यावर त्या परत करून तेवढी रक्कम मिळवितो. चकतीला स्वतःचे मूल्य जवळजवळ नसते; ते रक्कम देण्याचे वचन असते. त्यामुळे चकती खरी आहे आणि ती देणारा वचन पाळील, या दोन गोष्टींवरील विश्वासावरच तिचे चलन अवलंबून असते. चकत्यांच्या द्रव्यांत व घडणीत झालेले अनेक महत्त्वाचे बदल हा विश्वास टिकविण्याच्या गरजेतून झाले आहेत.

पूर्वेतिहास : मध्ययुगीन यूरोपात हिशेबाच्या पटावर मांडण्यासाठी धातूच्या चकत्या वापरीत. लेखी आकडेमोड रूढ झाल्यावर त्यांचा हा उपयोग मागे पडला व त्या पत्त्यांच्या मेजावर आल्या. अठराव्या शतकात चीनमधील कँटन येथे यूरोपीय ग्राहकांसाठी मोत्याच्या शिंपल्याच्या कोरीव चकत्या तयार होत. त्यांवर अनेकदा मालकाच्या घराण्याचे चिन्ह कोरलेले असे. त्यांपैकी काही माशाच्या आकाराच्या असत. चकती या अर्थाच्या ‘फीश’ या फ्रेंच शब्दाचे इंग्रजीत ‘फिश’ म्हणजे मासा असे रूपांतर झाल्याने हा आकार प्रचारात आला, असे मानतात. जेन ऑस्टिनच्या प्राइड अँड प्रेज्युडिस (१८१३) या कादंबरीतही खेळात हरलेल्या व जिंकलेल्या अशा माशांचा उल्लेख आढळतो.

अमेरिकेतील विकास : पोकर हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू ऑर्लीन्स व मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात रुजला. नदीवरील आगबोटींमधून आणि १८४९ च्या सुमारास सुवर्णशोधार्थ पश्चिमेकडे निघालेल्या लोकांबरोबर तो सर्वत्र पसरला. आरंभी पणाला नाणी, सोन्याची भुकटी किंवा सोन्याचे खडे लावीत. भुकटी दर डावाला तोलणे गैरसोयीचे असल्याने द्यूतगृहांनी हाड, लाकूड व हस्तिदंत यांच्या चकत्या उपयोगात आणल्या. हस्तिदंती चकत्यांवरील कोरीव नक्षी आकर्षक असली, तरी त्या महाग असत.

सु. १८८० नंतर चिकणमाती व लाख यांच्या मिश्रणापासून साच्यात दाबून केलेल्या चकत्यांचा प्रसार झाला. त्या स्वस्त होत्या. परंतु साध्या चकत्या कोणालाही बाजारात विकत मिळत. अशा चकत्या खिशात घालून द्यूतगृहात आलेला इसम त्या जिंकलेल्या चकत्यांमध्ये मिसळून रोख रक्कम घेऊन जाऊ शके. म्हणून द्यूतगृहे आपल्या स्वतंत्र नक्षीच्या चकत्या मागवू लागली. पृष्ठावर ठसा उठविणे, चित्र जडविणे आणि कडेवर निराळ्या रंगाचे पट्टे बसविणे या क्रिया त्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरल्या. कडेवरील पट्टे चकतीच्या द्रव्यातच बसविलेले असल्याने त्यांची नक्कल अवघड असते आणि चकत्यांची चळत रचली असताही ते बाजूने दिसतात. याच काळात पांढरी, तांबडी व निळी अशी चढत्या मूल्याची रंगसंगती सर्वपरिचित झाली. निळी चकती सर्वांत मोलाची म्हणून उत्तम कंपन्यांच्या भागांना १९२० नंतरच्या दशकात ‘ब्लू चिप’ ही संज्ञा मिळाली.

कॅसिनोंतील चकत्या : नेव्हाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार वैध केल्यावर चकत्यांच्या निर्मितीला मोठी बाजारपेठ लाभली. चकती ही कॅसिनोकडून येणे असलेल्या रकमेचा केवळ पुरावा असून तिची मालकी कॅसिनोकडेच राहते, असे त्या राज्याचे नियम सांगतात. न्यू जर्सीत १९७८ मध्ये कॅसिनो सुरू झाले. तेथील नियमांनी ५ डॉलरांस तांबडा, २५ डॉलरांस हिरवा, १०० डॉलरांस काळा व ५०० डॉलरांस जांभळा असे रंग ठरवून दिले.

पुढे मोठ्या मूल्याच्या चकत्यांत रेडिओ लहरींनी ओळख पटविणारी साधने बसविण्यात येऊ लागली. डिसेंबर २०१० मध्ये लास व्हेगसच्या बेलाजिओ कॅसिनोतून सु. १५ लाख डॉलर दर्शनी मूल्याच्या चकत्या लुटल्या गेल्या. तेव्हा कॅसिनोने २५,००० डॉलरांच्या चकत्यांची चालू मालिकाच ठराविक मुदतीनंतर अग्राह्य ठरविली. जानेवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीतील एका पोकर स्पर्धेत बनावट चकत्या आढळल्याने स्पर्धेचा एक भाग रद्द करावा लागला.

भारतात गोव्यामध्ये १९७६ च्या जुगारविषयक अधिनियमात १९९२ व १९९६ मध्ये दुरुस्त्या होऊन कॅसिनोंना मार्ग मोकळा झाला. महाराष्ट्रात १९७६ मध्ये कॅसिनोंसंबंधी अधिनियम संमत झाला. तथापि तो कधीच अंमलात आला नाही व २०२३ मध्ये रद्द करण्यात आला.

घरगुती खेळासाठी संचाची निवड : अमेरिकेत मित्रमंडळींनी घरी जमून रोख पणाने पोकर खेळण्याची प्रथा जुनी आहे. ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेल्या क्रिस मनीमेकर या हिशेबनिसाने २००३ मध्ये पोकरची जागतिक मालिका जिंकून २५ लाख डॉलर मिळविले. त्यानंतर ही प्रथा फार वाढली आणि ॲल्युमिनियमच्या पेटीतील ३०० किंवा ५०० चकत्यांचे संच सर्वत्र विकले जाऊ लागले. या संचांतील चकत्या बहुधा प्लॅस्टिकच्या असून वजनासाठी आत धातूची चकती घातलेली असते. त्यांचे वजन ११·५ ते १४ ग्रॅ. असते. कॅसिनोतील मातीमिश्रित चकत्या मात्र सामान्यतः ८ ते १० ग्रॅ. वजनाच्या असतात. तेव्हा अधिक वजन हे उत्तम प्रतीचे लक्षण नव्हे. नेहमीचा व्यास सु. ३९ मिमी. असतो.

संचाची निवड पणाच्या प्रमाणावर अवलंबून असते. सक्तीचे आरंभीचे पण २५ व ५० सेंट असून आठ खेळाडू प्रत्येकी ५० डॉलर घेऊन बसले, तर प्रत्येकास २५ सेंटच्या १२, एक डॉलरच्या १७ व पाच डॉलरांच्या ६ चकत्या दिल्या असता हिशेब जुळतो. यासाठी २८० चकत्या लागतात. हरलेल्यांना पुन्हा खेळात घेण्यासाठी २५ डॉलरांच्या आणखी २० चकत्या राखून ठेवल्या, म्हणजे ३०० चकत्यांचा संच पुरतो. लागोपाठच्या मूल्यांत चौपट वा पाचपट अंतर असल्यास सुटे करणे सोपे जाते. मूल्य न छापलेला संच लहानमोठ्या कोणत्याही पणास चालतो. मूल्य छापलेल्या संचात नवख्या खेळाडूचा गोंधळ होत नाही. दिव्याच्या मंद प्रकाशातही रंग स्पष्टपणे वेगळे ओळखता येणे दोन्हींत आवश्यक असते.

सर्वसामान्य दुकानांत मिळणाऱ्या संचाबाबत एकोणिसाव्या शतकातील द्यूतगृहांची अडचण नव्याने उद्भवते : तशीच चकती कोणीही विकत घेऊन खेळात आणू शकतो. स्वतःची आद्याक्षरे किंवा नक्षी असलेला संच करवून घेणे, हा त्यावरील एक उपाय होय. एकाच व्यक्तीकडे पेढी सोपवून दिलेल्या चकत्या व जमा रक्कम यांची आरंभी व अखेरीस मोजदाद करणे, हा दुसरा व अधिक खात्रीचा उपाय होय. कॅसिनोप्रमाणे येथे नियामक संस्था वा पहारा नसतो. म्हणून शेवटची चकती परत येऊन तिची रक्कम चुकती होईपर्यंत सर्व जबाबदारी पेढी सांभाळणाऱ्यावर असते.