काळ्या पाषाणाचें कूळ

सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा. परंतु भूकवचाखालील ज्या प्रावरणांतून तो रस वर आला, तें कोणींच पाहिलेलें नाहीं. मग त्याचें कूळ ओळखावें कसें?

रुबिडियम-८७ अतिमंद गतीनें क्षय पावून त्याचें स्ट्रॉन्शियम-८७ होतें. जेथें रुबिडियम विपुल, तेथें स्ट्रॉन्शियम-८६ च्या तुलनेनें या समस्थानिकाचें प्रमाण युगायुगांत वाढतें. जुन्या भूकवचांत तें असेंच वाढलेलें आहे. खडक वितळला तरी हें प्रमाण बदलत नाहीं. म्हणून रस आपल्या उगमाची मुद्रा घेऊनच वर येतो.

१९६४ सालीं गास्ट, टिल्टन व हेज यांनीं असेन्शन आणि गॉफ या अटलांटिक बेटांचे खडक तपासून प्रावरण सर्वत्र एकजिनसी नाहीं, हें दाखविलें. १९८५ सालीं कॉक्स व हॉक्सवर्थ यांनीं महाबळेश्वरच्या थरांचें असेंच परीक्षण प्रसिद्ध केलें. आंबेनळीच्या थरांत प्रमाण सुमारें ०.७०४, म्हणजे प्रावरणास साजेसें, निघालें. त्याखालच्या पोलादपूर थरांत तें अधिक भरलें. कारण वर येतांना त्या रसांत भूकवचाचा अंश मिसळला होता.

तेव्हां पाषाणाचें कूळ सांगतांना वाटेवरचा संसर्गही हिशेबांत धरावा लागतो. महाबळेश्वराहून पोलादपुरास घाट उतरतांना हे दोन्ही थर लागतात. डोळ्यांना मात्र दोन्ही सारखेच काळे दिसतात.